बुधवारी मी टोपलीत असतो

घाबरून पाय वर घेऊ नका. मी माऊस बोलतोय खरा, पण टेबलावरचा. शेपटी मलाही आहे, ती मात्र संगणकात खुपसलेली असते, त्यामुळे पळून जायची सोय नाही. रंग काळा, पाठ गुळगुळीत, पुढे दोन बटणं, त्यांच्या मधे एक चाक आणि पोटाखाली तांबडा दिवा. वय वर्षं नऊ. आमच्या जातीत नऊ म्हणजे पिकलं पानच म्हणायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासारखे हजारो जन्मले, त्यामुळे कोणी कौतुक केलं नाही. पट्ट्यावरून सरकत असताना एका बाईंनी मला उलटं केलं, दिवा लागतोय का ते पाहिलं आणि खोक्यात टाकलं. त्यांच्या बोटांची ऊब तेवढी आठवते. मग बरेच महिने अंधार.

खोकं उघडलं ते लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत. उघडलं सामानाच्या खोलीतल्या काकांनी. काकांना कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्यांशी ओरडूनच बोलायचे. "ताई, हा घ्या नवा माऊस! जपून वापरा!" असं ते म्हणाले, तेव्हा मी आल्याचं सगळ्या मजल्याला कळलं. एवढं वाजतगाजत स्वागत आमच्यात फार थोड्यांच्या नशिबी येतं.

ताई म्हणजे तक्रार विभागाच्या प्रमुख. विभाग कसला, दोन टेबलं आणि दोन फोन. कचेरीत सगळे त्यांना ताईच म्हणायचे, अगदी वयाने त्यांच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. कोणाचं तिकीट निघेना, कोणाची गाडी चुकली, कोणाला खिडकीची जागा सांगून दाराजवळची मिळाली, की फोन ताईंकडे. त्या म्हणायच्या, "हं, बोला. घाई नाही." या चार शब्दांत समोरच्याचा अर्धा राग उतरायचा. मग त्या कंपनीच्याच वेबसाईटवर जाऊन माझ्या मदतीने त्याचं काम करून द्यायच्या. त्यांचा हात हलका आणि नेमका होता. बसमधल्या आसनांचे चौकोन पडद्यावर किती बारीक, पण ताईंचा नेम कधी चुकला नाही. मी मनातल्या मनात म्हणायचो, यात आपलाही थोडा वाटा आहे.

पाच वर्षं अशी मजेत गेली. त्यात एकच गोष्ट बरी झाली नाही. काकांचे कान आणखी बिघडले, आणि साहेबांनी त्यांना प्रेमाने घरी पाठवलं. हो, प्रेमानेच. फुलं आणली, भाषण केलं, "काका, आता आराम करा," म्हणाले, सगळ्यांचे डोळे पाणावले. काकांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नसावं. ते नुसती मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची कोणीतरी खिडकीजवळ नेली आणि तिच्यावर कुंडी ठेवली. ताई त्या कुंडीकडे बराच वेळ बघत बसल्या होत्या.

मग ती थरथर सुरू झाली.

आधी वाटलं, माझंच काहीतरी बिनसलंय. पडद्यावरचा बाण चौकोनावर टेकता टेकता घसरायचा. ताईंनी मला उलटं करून कापसाने पुसलं. खालची चटई बदलली. शेपटी काढून दुसऱ्या भोकात घातली. "हा बिघडलाय वाटतं," असं त्या शेजारच्या टेबलाला म्हणाल्यासुद्धा. मला फार लागलं. पाच वर्षांच्या चाकरीत एवढा ठपका कधी आला नव्हता.

एके दिवशी साहेब काही दाखवायला ताईंच्या टेबलाशी आले. त्यांनी मला सहज हातात धरलं आणि बाण एका रेषेत गेला, चौकोनावर बसला, एका टिचकीत काम झालं. साहेब निघून गेले. ताईंनी आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. बोटं हलत होती. बिघाड कोणात आहे, ते त्या क्षणी मला आणि त्यांना एकदमच कळलं.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे जाऊन आल्या, गोळ्या सुरू झाल्या, थरथर काही थांबली नाही. मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि नुसत्या कीबोर्डवर काम करायला शिकल्या. टॅब दाबत एका रकान्यातून दुसऱ्यात जायचं, बाणांच्या कळांनी निवडायचं, एंटर. एकच कळ चुकून दोनदा लागली तर संगणकाने ती एकदाच धरावी, अशी सोय त्याच्या पोटात कुठेतरी दडलेली असते, तीही त्यांनी शोधून काढली. जिथे कीबोर्डने घोडं अडायचं, तिथलं त्या एका वहीत लिहून ठेवायच्या. "गाडी निवडता येते. तारीख येत नाही." "आसनांच्या चित्रात शिरता येतं, बाहेर पडता येत नाही." पानामागून पान भरत गेलं.

आणि मी? कोणी टेबलाशी आलं की ताई माझ्यावर नुसता हात ठेवायच्या. कामाचा देखावा म्हणून. तेवढ्या वेळात त्यांचा हात माझ्या पाठीवर बारीक थरथरत असायचा आणि मी जिवाच्या आकांताने स्थिर राहायचा प्रयत्न करायचो. दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून कचेरीला असं फसवलं.

त्यातच एक सरकारी पत्र आलं. नवा कायदा झाला होता. लोकांना ऑनलाइन सेवा देणाऱ्या प्रत्येकाने आपली वेबसाईट आणि ॲप सगळ्यांना वापरता येईल असं करायचं. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचा हात चालत नाही, त्यांनाही. मुदत दीड वर्ष. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. पुढच्या सहा महिन्यांत ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यापलीकडे काही झालं नाही.

शेवटी ते येऊन थांबलं बटणमास्तरांपाशी. वेबसाईट सांभाळणाऱ्या गृहस्थांना आमच्याकडे बटणमास्तर म्हणतात, कारण त्यांना कोणतीही अडचण सांगा, त्यांचं उत्तर एकच: "त्यात काय, एक बटण टाकू." इथेही त्यांनी तेच केलं. कुठूनतरी तयार मिळणारं एक निळं गोल बटण आणलं आणि वेबसाईटच्या कोपऱ्यात चिकटवलं. ते दाबलं की एक खिडकी उघडायची आणि अक्षरं मोठी व्हायची, रंग बदलायचे. अर्ध्या दिवसात काम तमाम. साहेब इतके खूश झाले की केक मागवला. केकवरही निळा गोल काढला होता. "आपण कायद्याच्या एक वर्ष पुढे आहोत!" असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. ताईंनीही वाजवल्या, त्यांना टाळ्या वाजवायला काही अडचण नव्हती.

आता फक्त एक शिक्कामोर्तब हवं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी वेबसाईट तपासून देणाऱ्या तपासनीसबाईंना बोलावलं. बाईंना डोळ्यांनी दिसत नाही. पांढरी काठी दुमडून त्यांनी पिशवीत ठेवली, इअरफोन काढून कानात घातले आणि आमच्या वेबसाईटवर एक तिकीट काढायला बसल्या. पडद्यावर जे असेल ते संगणकच त्यांच्या कानात भराभर वाचून दाखवत होता. साहेब आणि बटणमास्तर मागे उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या, "मी आत अडकलेय."

"कुठे आत?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या त्या निळ्या बटणात. उघडलं तर आहे, आता बंद होत नाही. ते म्हणतंय अक्षरं मोठी करू का, अक्षरं मोठी करू का. अहो, मला अक्षरं मोठी करून काय करायचंय?"

बटणमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी विचारलं, "मग हे काढून टाकलं तर?"

"तर मी तारखेपाशी अडकेन. आधी बघून ठेवलंय मी घरून." बाईंनी इअरफोन कानातून काढले. "केक उरलाय का? खाली सांगत होते, मोठा होता म्हणून."

मला त्या बाई तिथेच आवडल्या. केक खाता खाता त्यांनी साहेबांना अट घातली. दर बुधवारी त्या येणार, आणि निव्वळ वेबसाईट तपासून जाणार नाहीत. प्रत्येक टेबलाशी बसून माणसं काम कशी करतात तेही बघणार. आतले सगळे फॉर्मही तपासणार, रजेचे, हजेरीचे, सगळे. साहेब म्हणाले, "पण कायदा प्रवाशांसाठी आहे ना?" बाई म्हणाल्या, "आणि उद्या मी तुमच्याकडे नोकरीला लागले, तर रजा कशी मागू? ओरडून?"

हे ताईंनी ऐकलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. प्रत्येक टेबलाशी म्हणजे त्यांच्याही टेबलाशी. देखाव्याचा हात तिथे चालणार नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर ती खिडकीजवळची खुर्ची आणि कुंडी आली असणार. माझ्या तर आलीच. प्रेमाने घरी पाठवलं जाण्याआधी आपण होऊन जावं, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी कचेरी सुटल्यावर त्या एकट्या बसून राहिल्या आणि राजीनाम्याचा फॉर्म उघडला. आमच्याकडे कागदी राजीनामा घेत नाहीत, सगळं संगणकावर. नाव भरलं. कारणापुढे लिहिलं, "घरगुती." पुढचा रकाना होता कामाच्या शेवटच्या दिवसाचा. त्यासाठी एक छोटं कॅलेंडर उघडायचं होतं, आणि ते कीबोर्डने काही केल्या उघडेना. ताईंनी टॅब दाबून पाहिला, एंटर दाबून पाहिला. मग दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी मला कामासाठी हातात घेतलं.

काय सांगू, मला आनंद व्हावा की दुःख तेच कळेना. त्यांची बोटं माझ्यावर थरथरत होती. बाण कधी मागच्या महिन्यावर जायचा, कधी पुढच्या वर्षावर. एकदा तर शेवटचा दिवस म्हणून त्यांच्या जन्माच्या आधीची तारीख निवडली गेली. चौथ्या खेपेला कॅलेंडर मिटलंच. मी मुद्दाम काही केलं नाही, शपथेवर सांगतो. पण मला फार वाईट वाटलं असंही नाही. ताईंनी अर्धा भरलेला फॉर्म तसाच ठेवला, डोळे पुसले आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीसबाई आल्या त्या स्वागतकक्षातली फळांची टोपली हातात घेऊनच. फळं त्यांनी तिथल्याच टेबलावर काढून ठेवली होती. "आज सगळ्यांचे माऊस यात. दिवसभर प्रत्येकाने नेहमीचंच काम करायचं, फक्त याच्याशिवाय."

कचेरीत एकच गिल्ला झाला. आम्ही एकेक करून टोपलीत पडत गेलो. तेरा जण. कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदाच मी भावंडांना भेटत होतो. साहेबांचा माऊस बिनशेपटीचा, त्यामुळे त्याला फार गर्व, तो म्हणाला, "दहा मिनिटांत शोधत येतील मला." आले नाहीत, कारण टोपली बाईंच्या मांडीवर होती.

टोपलीतून मला सगळं दिसत होतं. साहेबांना स्वतःची सही असलेलं पत्र उघडता येईना. बटणमास्तर आपल्याच वेबसाईटवर आसनांच्या चित्रात शिरले आणि अर्धा तास तिथून निघेनात. "हे कोणी बनवलंय?" असं ते ओरडले, आणि मग त्यांना आठवलं. हिशेबाच्या टेबलावरची बाई सरळ चहाला निघून गेली. सगळीकडे कळा अडखळत वाजत होत्या. टक, थांब, टकटक, अरे देवा.

तपासनीसबाई मान तिरपी करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात कोण आहे? तिथला हात अडखळत नाहीये."

कोपऱ्यात ताई होत्या. सवयीने काम करत होत्या बिचाऱ्या, त्या दिवशी लपवण्यासारखं काही आहे हेच विसरून.

टोपली उचलून बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हा हात आजचा नाही. किती वर्षं झाली?"

ताईंना खोटं बोलता आलं नाही. "दोन," त्या म्हणाल्या. मग सगळंच बाहेर आलं, हात, गोळ्या, वही, काका, कुंडी. आणि शेवटी तो फॉर्म. "काल राजीनामा द्यायला बसले होते हो. तारीखच निवडता येईना."

 बाईंना हसू फुटलं. "म्हणजे यांच्या कंपनीत राहता येत नाही आणि सोडताही येत नाही?" ताईही हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून अंदाजाने पुढे केला. तो आधी माझ्या अंगावर पडला, मग ताईंना मिळाला.

"राजीनामा द्यायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "पण ती वही दाखवल्याशिवाय जाऊ नका. मी बाहेरून येऊन सहा महिन्यांत जे शोधणार, ते तुमच्या वहीत आधीच आहे."

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा ताई उभ्या राहिल्या. वही छातीशी धरली होती. "माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मी माऊस वापरत नाही. तुमच्यापासून लपवलं, कारण मला घरी जायचं नव्हतं. अजूनही जायचं नाही. आपल्या वेबसाईटवर कुठे कुठे अडतं, ते यात लिहिलंय."

साहेबांचं तोंड सवयीने उघडलं. "अरेरे, ताई, मग तुम्ही आता आराम..."

"ताई," बटणमास्तर मधेच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "ती वही मला मिळेल का?"

साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं. ते त्यांनी पुढे कधी पूर्ण केलं नाही, आणि मला वाटतं, त्या अर्ध्या वाक्यापासून आमची कचेरी बदलायला लागली.

वहीत एकसष्ट अडचणी निघाल्या. निळं बटण पहिल्याच आठवड्यात गेलं. पुढे बटणमास्तर काही दुरुस्त करायचे, मग ताईंना आणि तपासनीसबाईंना वापरायला द्यायचे. दोघींनी "चालतंय" म्हटल्याशिवाय वहीत खूण करायची नाही, असा नियम झाला. भांडणंही झाली. आसनांच्या चित्रावरून तर बटणमास्तर तीन दिवस बाईंशी बोलत नव्हते. बाईंना ते चौथ्या दिवशी कळलं. ताईंचा एक हट्ट होता. कोणतंही मोठं काम एका एंटरवर होऊन जाता कामा नये, आधी एकदा विचारावं. "थरथरत्या बोटाने तिकीट रद्द झालं, तर माणसाने काय करायचं?" त्या म्हणायच्या.

दर बुधवारी टोपली फिरायची. आधी कुरकुर, मग थट्टा, मग सवय. साहेब आता टॅबवर असे हात चालवतात की बघत राहावं. एका बुधवारी ते स्वतःच म्हणाले, "वेबसाईटवरच्या चित्रफितींखाली बोलणं लिहून येतं म्हणे, ते नीट येतंय का कोण बघणार?" आणि त्यांनीच काकांच्या घरी गाडी पाठवली. काका आठवड्यातून दोन दिवस येतात. पहिल्याच दिवशी चित्रफीत बघून ते गरजले, "हा बोलतोय एक आणि खाली लिहिलंय भलतंच!" कुंडी खिडकीच्या कठड्यावर गेली, खुर्ची मोकळी झाली.

मुदतीचा दिवस आला तेव्हा साहेबांनी कायदा पाळल्याच्या कागदावर सही केली, आणि केकबिक मागवायचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी एका आजोबांनी पहिल्यांदा स्वतःचं तिकीट स्वतः काढलं आणि केवळ तेवढं सांगायला ताईंना फोन केला.

वहीत मात्र एकच ओळ खूण न होता राहिली होती. शेवटची. राजीनाम्याचा फॉर्म. ताईंनीच तो मागे मागे ठेवला होता. गेल्या महिन्यात एका बुधवारी बटणमास्तर म्हणाले, "ताई, कॅलेंडर नवीन बसवलंय. बघता का?" त्यांना बिचाऱ्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं.

टोपली ताईंच्या टेबलावर होती. मी सगळ्यांत वर होतो, म्हणून मी पाहिलं. फॉर्म उघडला तर आत त्यांचाच जुना मजकूर वाट बघत होता. नाव. कारण, "घरगुती." टॅब. कॅलेंडर उघडलं, अगदी अलगद. बाणांच्या कळांनी त्या एकेक दिवस पुढे गेल्या आणि महिनाअखेरची तारीख निवडली. टॅब. आता निवडीची चौकट "पाठवा"वर आली. ताईंचं बोट एंटरवर थरथरत थांबलं.

माझा जीव वरखाली झाला. शेपटी संगणकाला लागलेली असती, तर मी काहीतरी केलं असतं. टोपलीतला माऊस काय करणार? बोट खाली आलं.

पडद्यावर शब्द उमटले: "नक्की पाठवायचा? हो. नाही."

ताईंनी टॅब दाबला, "नाही"वर आल्या आणि एंटर मारलं. मग आत जाऊन जुना मजकूरही पुसून टाकला. वही उघडली, एकसष्टाव्या ओळीपुढे थरथरत्या हाताने वाकडीतिकडी खूण केली आणि पलीकडे हाक मारली, "चालतंय हो!" तेवढ्यात फोन वाजला. "हं, बोला," ताई म्हणाल्या. "घाई नाही."

तर अशी माझी गोष्ट. आता माझ्याकडे फारसं काम नाही, आणि त्याची मला खंत नाही. तुम्हाला एवढंच मागणं, की आठवड्यातून एकदा तुमच्याकडच्या माझ्या भावंडाला टोपलीत ठेवा आणि आपल्याच दारातून आत येऊन बघा. अडाल, चिडाल, थोडी लाजही वाटेल. वाटू द्या.

बाकीचे दिवस मी ताईंच्या उजव्या हाताशी पडून असतो. फोनवर बोलताना त्या अजूनही कधी कधी माझ्यावर हात ठेवतात, निव्वळ सवयीने. तो थरथरतो, मीही त्याच्याबरोबर थोडा हलतो. स्थिर राहायची धडपड मी केव्हाच सोडली. पडद्यावर बाण इकडेतिकडे नाचत असतो, येणारेजाणारे तो बघतात आणि आपल्या कामाला जातात.